ज्वारीचा वेग

रेवणसिद्धने आपली गाडी सोलापुरात माझ्या दारासमोर उभी केली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. १९७६ सालच्या त्या कार्तिकात तो नेहमी दुपारीच येत असे, कारण साडेपाच वाजल्यानंतर त्याने गाडी चालवणे सोडले होते. अंधार पडू लागला की समोरचा रस्ता त्याला दिसेनासा होई. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट शब्दांत बजावले होते: दिवसा हवी तेवढी चालवा, संध्याकाळनंतर नाही. कांद्याचे आणि भुईमुगाचे व्यापारी मात्र रात्रीच माल भरतात, म्हणजे सकाळच्या बाजाराला पोहोचतो. त्यामुळे पावसाळा संपल्यापासून त्याला एकही भाडे मिळाले नव्हते.

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातून आलेली जुनी पिकअप. मूळचे पेट्रोलचे इंजिन काढून तिच्यात कोणीतरी डिझेलचे इंजिन बसवले होते. रेवणसिद्धने ती चौदा वर्षे चालवली होती. मी सूतगिरणीच्या देखभाल विभागात होतो, तेव्हा आमच्या यंत्रांचे सुटे भाग तोच ने-आण करी. माझ्या निवृत्तीनंतरही त्याने मला ‘मास्तर’ म्हणणे सोडले नाही. टेक्निकल कॉलेजातून शिकून आलेला माणूस म्हणजे मास्तरच, अशी त्याची समजूत होती.

“मास्तर, एक सांगतो. हसायचं न्हाय.”

“सांग.”

“हिच्यावर पिठाची गिरणी बसवायची.”

मी हसलो नाही. आतून माझी पत्नी मीनाबाई मात्र म्हणाली, “गाडीवर गिरणी? मग चूलही मांडा की शेजारी.”

“वहिनी, तुमी थट्टा करताय, पण तिकडच्या बायांना इचारा.” तो उंबऱ्यावर टेकला. “मंद्रूपच्या पुढं भीमेच्या अंगाला आमची वस्ती हाय. वस्तीवर वीज न्हाय. बाया डोक्यावर दळण घेऊन दोन कोस मंद्रूपला चालत जात्यात. तितं गेलं की वीज गेलेली. मग झाडाखाली बसायचं, वीज येईस्तोर. न्हाई आली तर दळण डोक्यावर घेऊन परत. गिरणीच वस्तीवर आली तर? सकाळी जायचं, उजेडात परत यायचं. माज्या डोळ्यांना तेवढं जमतंय.”

त्याचा मेव्हणा ईरप्पा याच्याकडे एक बंद गिरणी पडून होती. मोटार जळलेली, दगड मात्र शाबूत. ती तो फुकट देणार होता. बाकी सर्व कामासाठी रेवणसिद्धजवळ चारशे रुपये होते, आणि त्याहून एक रुपयाही अधिक नव्हता.

“आणि वेळ?” मी विचारले.

त्याने गाडीकडे पाहिले. मग म्हणाला, “अमावास्येनंतर मोडीवाला येतोय, भंगारात घ्यायला गाडी बघायला. त्याला मी व्हय म्हणून बसलोय. त्याच्या आदी गिरणी चालली तर गाडी ऱ्हाईल. न्हाय चालली तर ईरप्पा म्हणतोय, माज्या वखारीत येऊन बस. एकोणिसाव्या वर्षापासनं चाकामागं बसलोय, मास्तर. वखारीत बसून काय करू? उंदरं हाकू?”

हातात अठरा दिवस होते.

मी आधी गाडी नीट तपासली. तिचा लष्करी जन्म आमच्या उपयोगी पडला. चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढण्यासाठी अशा गाड्यांवर दोरखंडाचे यंत्र बसवत, आणि त्याला शक्ती देण्यासाठी गिअरबॉक्सच्या कुशीत एक तोंड ठेवलेले असे. या गाडीवरचे दोरखंडाचे यंत्र केव्हाच नाहीसे झाले होते. तोंडावर चार बोल्टांची एक झाकणी तेवढी उरली होती. ती उघडून पाहिली, तेव्हा आतले दाते नव्यासारखे चकाकत होते. जुन्या बाजारात त्याला जुळणारे गिअर शोधायला मला चार दिवस लागले. तिथून एक आडवा शाफ्ट मागे नेला, त्यावर पुली, पुलीवरून पट्टा आणि पट्ट्याने फिरणारे गिरणीचे दगड. गिरणीचे वजन एका बाजूला पडू नये म्हणून ती बरोबर मागच्या आसावर ठेवली. दळताना गाडी कमानींवर डोलू नये म्हणून सांगाड्याखाली लावायला चार लाकडी टेकू केले. इंजिनाचा वेग हाताने ठरवता यावा म्हणून ड्रायव्हरच्या आसनाजवळून मागपर्यंत एक सळई आणली.

दगडांनी मिनिटाला सहाशे फेरे घ्यावेत, असे माझ्या जुन्या हस्तपुस्तिकेतील तक्ता सांगत होता. फेरे मोजण्याचे यंत्र माझ्यापाशी नव्हते. पण पट्ट्याला जिथे सांधा असतो, तिथे तो पुलीवरून जाताना ‘टक्’ असा आवाज होतो. पट्ट्याची लांबी चौदा फूट, गिरणीची पुली दहा इंची. हिशेब केला: मिनिटाला एकशे दहा वेळा टक् वाजले, की सहाशे फेरे झाले. मी घड्याळ हातात धरून उभा राहिलो आणि रेवणसिद्धला सळई सरकवायला सांगितली. एकशे दहावर खूण केली.

मग पायलीभर गहू दळला. पीठ मऊ, एकसारखे निघाले. मीनाबाईने त्याच्या पोळ्या केल्या. रेवणसिद्धने पाच खाल्ल्या आणि म्हणाला, “वहिनी, चूल मांडायचं राहूनच गेलं की गाडीवर.”

वस्तीवर आम्ही पोहोचलो, तेव्हा पिंपळाखाली पंधरा-सोळा बाया दळणाच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. मी टेकू लावले, पट्टा चढवला. पहिले दळण नागव्वाचे. वस्तीवरची ती सर्वांत वयस्कर बाई. तिच्याआधी दळण टाकायचे कोणाच्या मनातही येणार नव्हते. तिची ज्वारी मी नरसाळ्यात ओतली. पीठ येऊ लागले. तिने मूठभर उचलले, दाबले, पुन्हा मोकळे केले, आणि माझ्याकडे पाहिले.

“भाजलंय हे.”

“थोडे गरम असतेच, आजी. निवेल.”

“निवंल की. पर त्येची विरी गेली, ती कुटनं येनार?” तिने परातीत पाणी मागवले आणि तिथेच गोळा मळला. हातावर थापू लागताच कडेला भेगा पडल्या. तिसऱ्या थापेला भाकरीचे दोन तुकडे झाले. ज्वारीच्या पिठातला चिकटपणा, ज्याला बाया विरी म्हणतात, तो उरलाच नव्हता. मग तिने तुकडा नाकाशी नेला. “आन् हा वास कसला?”

“डिझेलचा हाय, अव्वा,” रेवणसिद्ध हळूच म्हणाला.

“मंग ही भाकर गाडीलाच चार.”

बाया मोठ्याने हसल्या. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पण हसून झाल्यावर एकेकीने चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपली उचलली आणि मंद्रूपची वाट धरली. त्यांना संध्याकाळची भाकरी करायची होती. पिंपळाखाली आम्ही दोघे आणि नागव्वा एवढेच उरलो.

परतताना सोलापूर जवळ आले तेव्हा रेवणसिद्ध म्हणाला, “मास्तर, तुमचं काय चुकलं न्हाय. माजीच कल्पना येडी.”

त्याने मला दोष दिला असता, तर मला बरे वाटले असते. कारण चूक माझीच होती, आणि एक नव्हे, दोन होत्या. धुराची नळी गाडीच्या पोटाखालून मागे जात होती. चालत्या गाडीचा धूर मागे राहतो; उभ्या गाडीचा वर चढतो, हे मी लक्षात घेतले नव्हते. आयुष्यभर मी जागेवर उभी असलेली यंत्रे पाहिली आणि इथे मात्र ‘गाडी’ एवढाच विचार केला. दुसऱ्या चुकीचा उलगडा घरी झाला.

“मला विचारलं होतंत का?” मीनाबाई म्हणाली. “गहू दळून आणलात, मी पोळ्या केल्या. ज्वारी आणली असतीत तर पहिल्या भाकरीलाच सांगितलं असतं.”

आमच्या घरात दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी होते. माझ्या आईच्या घरी गहू सणालाच दिसे. असे असून मी परीक्षा घेतली ती गव्हाची, कारण तक्त्यात गहू होता. ज्वारीचा उल्लेख त्यात नव्हता. तो तक्ता लिहिणाऱ्याने ज्वारी पाहिलीच नसावी. मला ती सवलत नव्हती.

“तिला विचारा आता,” मीनाबाईने सुचवले. “त्या म्हातारीला. पीठ किती गरम चालतं, ते तिच्या हाताला ठाऊक.”

दुसऱ्या दिवशी मी आमच्या घरची चार पायल्या ज्वारी घेऊन रेवणसिद्धबरोबर वस्तीवर गेलो. नागव्वा गोठ्यासमोर बसली होती.

“पुन्हा आला व्हय? आता कुनाचं दळन भाजायचं?”

“माझेच आणले आहे. आजी, तुम्ही फक्त पिठाखाली हात धरायचा. मी वेग कमी करत जाईन. पीठ हाताला पटेल तेव्हा सांगा.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “एवडं शिकलेलं मानूस, आन् माजा हात मागतंय,” ती रेवणसिद्धला म्हणाली, पण उठली.

रेवणसिद्ध सळई थोडी थोडी मागे घेत गेला. नागव्वाचा हात पिठाच्या धारेखाली होता. नव्वद टक्. ती मान हलवी. ऐंशी. पुन्हा मान हलवी. सत्तरला आलो तेव्हा तिने मूठ दाबली, क्षणभर थांबली, आणि कानडीत म्हणाली, “साकु.” पुरे. मी दोनदा वेग वाढवून पुन्हा कमी केला. मुद्दाम तिला न सांगता. दोन्ही वेळा ती सत्तरलाच ‘साकु’ म्हणाली. माझ्या नोकरीत मी इतके खात्रीचे मापक यंत्र पाहिले नव्हते.

पण अडचण अशी, की इतक्या कमी वेगात इंजिन धडधडू लागे आणि नरसाळे भरले की बंद पडे. इंजिन आपल्या वेगाने चालले पाहिजे आणि दगड मात्र सावकाश फिरले पाहिजेत. याचा अर्थ गिरणीवरची दहा इंची पुली काढून सोळा इंची बसवणे. ओतीव लोखंडाची तेवढी पुली विकत घेण्याइतके पैसे आता शिल्लक नव्हते. मोडीवाला यायला तीन दिवस होते.

रेवणसिद्धने मला वस्तीशेजारच्या हणमंत सुताराकडे नेले. त्याच्या अंगणात बाभळीचे मुरलेले ओंडके पडले होते. मी जमिनीवर खडूने पुली काढून दाखवली: दोन अर्धी, मधून बोल्टांनी आवळायची.

“बैलगाडीची चाकं केली जन्मभर,” हणमंत म्हणाला. “हे मिनिटाला किती फिरनार म्हनता?”

“पावणेचारशे.”

“आरं तिच्या! फुटलं तर मंद्रूपला जाऊन पडंल.” तो हसत हसत ओंडका पायाने उलटवू लागला. “गाठ नसलेला बघायला पायजे. रेवणसिद्धा, धर हिकडनं. गाडी ऱ्हायली तर माजं दळन आदी, हां.”

त्याने दीड दिवसात पुली केली. मी ती सळईवर टांगून, जड बाजू थोडी थोडी तासून घेत, कुठेही थांबवली तरी स्थिर राहील अशी केली. पट्ट्याला नऊ इंचांचा तुकडा जोडला. धुराच्या नळीला विहिरीच्या पंपाचा टाकून दिलेला नळ जोडून ती ड्रायव्हरच्या टपावरून उंच नेली. गाडीला आता धुराडे आले होते. रेवणसिद्धने ते लांबून, जवळून पाहिले आणि म्हणाला, “नवरदेवाच्या फेट्याला तुरा लावल्यागत दिसतंय.”

मोडीवाला येणार होता, त्याच दिवशी दहा वाजता गिरणी सुरू झाली. या वेळी नागव्वाने आपली टोपली बाजूला ठेवली आणि आधी सगळ्यांचे पीठ हातावर घेत बसली. पहिल्या दळणाची भाकरी तिथेच तीन दगडांच्या चुलीवर झाली. गोळा हातावर पसरत गेला, कड अखंड राहिली, तव्यावर भाकरी फुगली. नागव्वाने ती मोडून हुंगली आणि माझ्या हातावर तुकडा ठेवला.

“आता मानसाची झाली.”

बातमी शेजारच्या वस्त्यांवर केव्हा पोहोचली, कोण जाणे. अकरापर्यंत पिंपळाखाली एक्केचाळीस टोपल्या झाल्या. रेवणसिद्धचा चेहरा खुलला होता. मी मात्र घड्याळाकडे पाहत होतो. सावकाश फिरणाऱ्या दगडांना एका टोपलीला पंधरा मिनिटे लागत होती. बारा वाजता आठ टोपल्या झाल्या होत्या. तेहेतीस उरल्या होत्या. साडेचारला निघालो नाही, तर सोलापूरच्या आधी अंधार पडणार. तोवर अठराच टोपल्या होणार होत्या. पंधरा बाया दळणाशिवाय परत जाणार, आणि त्यांना मंद्रूप गाठायलाही वेळ उरणार नव्हता.

मी रेवणसिद्धला बाजूला घेऊन हे सांगितले.

“वेग वाढवू?” त्याने विचारले.

“पीठ जाईल.”

“मग मी थांबतो. जाईन कसा तरी अंधारात.”

“ते तर मुळीच नाही.”

तो सळईवर हात ठेवून उभा राहिला. शेवटी मीच बायांसमोर गेलो आणि जे खरे होते ते सांगितले: आम्हांला उजेडात जावे लागते, दळण सावकाशच होते, शेवटच्या पंधरा जणींनी थांबू नये.

एकदम गलका झाला. कोणी म्हणाली, आपण पहाटेच यायला हवे होते. कोणी म्हणाली, हे मास्तर आधी का नाही बोलले. एक तरुण बाई डोळे पुसू लागली. तिच्या घरी पिठाचा कण नव्हता. नागव्वाने पिठाचे हात झटकले.

“गप बसा की! रातच्याला घरात किती भाकरी लागत्यात? टोपलीभर पीठ लागतंय व्हय? निम्मं दळा. समद्यांचं निम्मं. उरलेली ज्वारी पुडल्या बारीला.”

“पण आजी, ज्या आधी आल्या त्यांचे पूर्ण दळायला हवे,” मी म्हणालो. “त्यांचा नंबर आहे.”

“नंबर टोपलीचा असतोय. पोट समद्यांचं सारखंच. माजंबी निम्मंच दळा.”

यावर एकीनेही हरकत घेतली नाही. हे मला कसे सुचले नाही, याचे मला अजूनही नवल वाटते. तेहेतीस निम्म्या टोपल्या, प्रत्येकी साडेसात मिनिटे: सव्वाचारच्या आत काम पुरे होत होते. बायांनी आपापल्या टोपलीतले निम्मे धान्य पदरात काढून घेतले आणि रांग सरकू लागली.

तीनच्या सुमारास मोडीवाला सायकलवरून आला. तो सोलापुरात रेवणसिद्धच्या घरी जाऊन, पत्ता विचारत इथवर पोहोचला होता. वाईट माणूस नव्हता. घामाघूम झाला होता. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने धुराड्यावर टिचकी मारली.

“काय रेवणसिद्ध, हे आनि काय काढलंय? गिरणीसकट द्यायची का? वजनात बरी भरंल.”

रेवणसिद्धने माझ्याकडे पाहिले. त्याच्या मनातला प्रश्न मला दिसत होता. मी त्याला खोटा धीर देऊ शकत नव्हतो. “मी धरले होते त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश दळण होईल,” मी म्हणालो. “रोज एक वस्ती, सहा दिवस. श्रीमंत होणार नाहीस. पण इंजिनाला आता त्रास नाही. अजून पाच-सात वर्षे ते सहज चालेल.”

तो काही बोलण्याआधीच नागव्वा पुढे आली. तिने पदराची गाठ मोडीवाल्यासमोर धरली. गाठीत तिची न दळलेली ज्वारी होती.

“हे बघ बाबा. माजं निम्मं दळन त्येच्याकडं ऱ्हायलंय. हिचं ऱ्हायलंय, तिचं ऱ्हायलंय. समद्यांचं ऱ्हायलंय. आदी ते दळून होऊ दे, मग गाडी ने.”

“आनि ते दळून झालं की?” मोडीवाल्याने हसत विचारले.

“मंग तवर दुसरी ज्वारी यील की घरात.”

बाया हसल्या. मोडीवालाही हसला. रेवणसिद्ध हसला नाही. त्याने सळई तशीच धरून ठेवली, आणि स्वतःलाच सांगावे तसे हळू म्हणाला, “गाडी द्यायची न्हाय. तुमाला हेलपाटा झाला, दादा. भाकर खाऊन जावा.”

मोडीवाल्याने चुलीजवळ बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या, शेंगाचटणी पुन्हा मागून घेतली, आणि ‘मोडायची झाली तर मलाच सांगा’ असे म्हणून सायकलवर बसला.

सव्वाचारला शेवटची निम्मी टोपली झाली. मी पट्टा उतरवला, रेवणसिद्धने टेकू काढले. गाडीच्या फळ्या पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. तो झाडू मागू लागला तेव्हा एका बाईने तो त्याच्या हातून घेऊन स्वतःच सगळे झाडून काढले आणि ते पीठ आपल्या कोंबड्यांसाठी नेले.

तो चाकामागे बसला. इंजिन सुरू झाले आणि धूर सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेला. तरुण बाई काचेशी येऊन विचारत होती, पुढच्या वेळी रांग कुठून धरायची.

“आज ज्या मागं व्हत्या, त्या म्होरं,” रेवणसिद्ध म्हणाला. “आनि दहाला न्हाय, आटला येतो. बसून ऱ्हाऊ नका लवकर येऊन.”

रस्त्यावर ऊन डावीकडून येत होते आणि समोरचे सर्व काही स्वच्छ दिसत होते.